साखर, दमट हवा आणि काळविटाची शिंगे

चेन्नईच्या दक्षिण भागातील गिंडी हे नाव निरनिराळ्या लोकांस निरनिराळ्या कारणांनी परिचित आहे. १७९४ साली भूमापनशाळा म्हणून सुरू झालेले आणि पुढे येथे स्थिरावलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, लघुउद्योगांची जुनी वसाहत, लस व रोगप्रतिबंधाच्या कामासाठी ओळखली जाणारी किंग संस्था, अशी त्याची ओळख मोठ्या माणसांना असते. लहान मुलांच्या लेखी मात्र गिंडी म्हणजे हरणे! अवघ्या पावणेतीन चौरस किलोमीटरचे, चहूबाजूंनी शहराने वेढलेले राष्ट्रीय उद्यान येथे आहे आणि त्यात चितळ व काळवीट आजही मोकळेपणी चरतात. पूर्वी याच वनाचा भाग असलेल्या आय.आय.टी.च्या आवारातही त्यांचे दर्शन घडते.

बँकेतील बदलीमुळे पुण्याहून गिंडीस आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची येथे कल्पना करावी. घरात चार वर्षे पूर्ण करणारा मुलगा आहे. वाढदिवस नोव्हेंबरात, म्हणजे ईशान्य मोसमी पावसाच्या ऐन भरात येतो. नव्या गावात शेजार अजून पुरता जुळलेला नाही, आजी-आजोबा दूर आहेत, आणि मुलाची मागणी एकच आहे : केकवर काळवीट हवे, आणि त्याला ‘खरीखुरी’ पिळाची शिंगे हवीत. दुकानात मिळणाऱ्या केकवर छापील चित्र असते किंवा प्लास्टिकचा प्राणी टोचलेला असतो. तेव्हा आई घरीच फॉन्डंटचा केक करावयाचे ठरवते. हौस म्हणून घेतलेला हा निर्णय प्रत्यक्षात साखर, हवा आणि वेळ यांच्याशी करावयाचा करार आहे, हे तिला पहिल्या दोन दिवसांतच उमगते.

फॉन्डंट म्हणजे थोडक्यात साखरेची कणीक. बारीक दळलेली आयसिंग शुगर, तिला बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, लवचीकपणा आणणारे लिक्विड ग्लुकोज, ओलावा टिकवणारे ग्लिसरीन आणि थोडासा स्निग्धांश, एवढाच त्याचा पसारा. पोळीप्रमाणे लाटून ते केकवर पांघरले की गुळगुळीत कवच तयार होते, आणि उरलेल्या गोळ्यातून फुले, पाने, प्राणी घडवता येतात. शब्द फ्रेंच असून त्याचा मूळ अर्थ ‘विरघळणारे’ असा आहे. चेन्नईच्या हवेत हा अर्थ फारच अक्षरशः प्रत्ययास येतो!

कारण साखरेला पाण्याची ओढ असते. हवेतील बाष्प ती खेचून घेते. शुद्ध साखरेचा दाणा हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचेपर्यंत तग धरतो. पण फॉन्डंटमध्ये ग्लुकोज आणि ग्लिसरीन मिसळलेले असल्याने ते त्याच्या बरेच आधी ओलसर व चिकट होऊ लागते. समुद्रकाठच्या या शहरात सकाळच्या वेळी सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता ही नवलाची बाब नव्हे, आणि पावसाळी नोव्हेंबरात ती त्याहूनही वर जाते. परदेशी पुस्तकातील कृती कोरड्या, थंड स्वयंपाकघरासाठी लिहिलेली असते. ती जशीच्या तशी गिंडीत आणली की कणीक हाताला लिबलिबीत लागते, लाटण्यास चिकटते आणि केकच्या कडांवरून हळूहळू खाली ओघळते.

मराठी घराला हा अनुभव अगदीच अनोळखी मात्र नाही. संक्रांतीचा हलवा घरी करून पाहिलेल्या पिढीला साखर आणि हवा यांचे नाते पाठ होते. मंद आचेवरच्या परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाण्याचे दाणे घ्यायचे, त्यांवर साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी हळुवार फिरवत राहायचे. तासन् तास, कधी दोन-तीन दिवस. हलव्याला पांढराशुभ्र काटा फुटावा यासाठी पौषातली कोरडी थंडी लागते. आभाळ आले, हवा दमट झाली की काटा रुसतो, हे घरोघरच्या आज्या सांगत असत. त्याच हलव्याचे मुकुट, बाजूबंद, हार आणि बासरी करून ‘बोरनहाणा’साठी लहानग्याला सजवायचे ही चाल आजही टिकून आहे. मुलासाठी साखरेचे अलंकार घडवणारी आणि नंतर ते अलंकार त्यालाच खाऊ देणारी ही परंपरा पाहिली, की फॉन्डंटचे काळवीट फार परके वाटत नाही. गुढीपाडव्याच्या गाठी, लग्नातील रुखवतात मांडलेले साखरेचे तुळशीवृंदावन, गोव्यात नाताळला काजू व साखरेपासून साच्यात घडवला जाणारा मार्झिपान, ही सारी याच घराण्यातील मंडळी. फरक इतकाच, की आपल्या पूर्वजांनी साखरकामासाठी ऋतू निवडला होता. वाढदिवसाला मात्र ऋतू निवडण्याची सोय नसते.

केकचेही तसेच. तो या भूमीत रुजला तोच मुळी दमट किनाऱ्यावर. १८८३ साली उत्तर केरळातील तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांनी मर्डॉक ब्राउन या मळेवाल्यासाठी नाताळचा केक भाजला आणि भारतातील नाताळ-केकची परंपरा तेथून धरली जाते. परकी कृती हाती आली तरी जिन्नस आणि रीत आपल्या हवेस मानवेल अशी करून घेण्याची गरज बापूंनाही पडली होती.

गिंडीतल्या स्वयंपाकघरात पहिला प्रश्न उभा राहतो तो जिलेटिनचा. फॉन्डंट बांधून ठेवण्यासाठी बहुतेक परदेशी कृतींत जिलेटिन वापरतात, आणि ते जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढलेले असते. शाकाहारी घरास ते चालत नाही. पाहुण्यांत कोणास काय चालते याचीही खात्री नसते. यावरचा उपाय तमिळनाडूच्याच किनाऱ्यावर सापडतो. रामनाथपुरम जिल्ह्यातील किनारपट्टीवर स्त्रिया समुद्रात बुड्या मारून शेवाळ गोळा करतात, आणि त्यापासून मदुराईच्या परिसरातील कारखान्यांत अगर-अगर तयार होते. हाच आपल्या परिचयाचा चायना ग्रास. श्वास रोखून पाण्याखाली केलेल्या त्या कष्टांचा एक चमचाभर अंश मुलाच्या केकमध्ये उतरतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

जिलेटिन आणि चायना ग्रास यांच्या स्वभावांत महत्त्वाचा भेद आहे. जिलेटिन शरीराच्या उष्णतेलाच विरघळू लागते. उन्हाळ्यातील चेन्नईत ते नुसत्या हाताच्या उबेनेही ढिले पडते. चायना ग्रास मात्र एकदा घट्ट झाला की सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा वितळत नाही. म्हणून उष्ण प्रदेशात तो अधिक विश्वासू. त्याची अट अशी, की तो पाण्यात नीट उकळून पूर्ण विरघळवावा लागतो आणि चाळीस अंशांच्या खाली येण्यापूर्वीच साखरेत मिसळावा लागतो, नाहीतर कणकेत जेलीचे कण राहतात. साधारण अर्धा किलो आयसिंग शुगरला पाव वाटी पाणी, एक लहान चमचा चायना ग्रासची पूड, तीन मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज, एक लहान चमचा ग्लिसरीन आणि एक मोठा चमचा वनस्पती तूप घेतात. दमट हवेत ग्लिसरीन हात राखूनच घालावे, आणि सी.एम.सी. नावाची खाद्य डिंकासारखी पूड लहान चमचाभर मिसळावी. तिने कणीक ताणली तरी फाटत नाही. औषधाच्या दुकानातील, अंगाला लावावयाचे ग्लिसरीन येथे चालत नाही; खाद्य प्रतीचेच हवे. घरच्या मिक्सरमध्ये दळलेली साखर कितीही बारीक वाटली तरी तिची कणी लाटताना कवच फाडते. त्यामुळे दोनदा वस्त्रगाळ केल्याशिवाय ती घेण्यात अर्थ नाही.

मळलेला गोळा प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचा. फ्रीजमध्ये नव्हे! फ्रीज हा फॉन्डंटचा मित्र वाटतो आणि शत्रू निघतो. थंड बाटली बाहेर काढताच तिला जसा घाम फुटतो, तसाच तो थंड फॉन्डंटलाही फुटतो, आणि पाण्याचे ते थेंब साखर विरघळवतात. चुकून तसे झालेच तर बोट न लावता पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत ते पाणी आपोआप सुकू द्यावे. पुसण्याचा मोह झाला की डाग कायमचा.

आतील केकही विचारपूर्वकच निवडावा लागतो. मऊ स्पंज आणि फेटलेले क्रीम या कवचाचे वजन सोसत नाही, शिवाय क्रीममधील पाणी कवच आतून विरघळवते. तेव्हा किंचित घट्ट, लोण्याचा किंवा कंडेन्स्ड मिल्क घातलेला बिनअंड्याचा केक बरा. ओव्हन नसल्यास कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरून, शिट्टी व रिंग काढून भाजलेला केक मराठी घरांनी अनेक वर्षे खाल्लेला आहे, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्यावर लोणी-साखरेचा लेप लावला तर तो गिंडीच्या दुपारी घसरतो, कारण लोणी बत्तीस-पस्तीस अंशांना वितळते. गडद चॉकलेट तीन भाग आणि साय एक भाग घेऊन केलेला घट्ट लेप मात्र टिकतो.

आता रंग. खरी जोखीम येथेच आहे, आणि घरी केक करण्याचे सर्वांत सबळ कारणही येथेच सापडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने ‘म्हातारीचे केस’ म्हणजे कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी घातली. सरकारी प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्यासाठी वापरला जाणारा, अन्नात निषिद्ध असलेला रंग आढळला होता. राज्याची अन्न-विश्लेषण प्रयोगशाळा गिंडीतच, किंग संस्थेच्या आवारात आहे, हा एक योगायोग. त्याच वर्षी कर्नाटकात केकच्या नमुन्यांची तपासणी झाली आणि काही नमुने कृत्रिम रंगांमुळे असुरक्षित ठरले. रेड व्हेल्व्हेट व ब्लॅक फॉरेस्टसारख्या भडक केकविषयी तेथील अन्नसुरक्षा विभागाने सावध केले. भारतात अन्नासाठी मोजकेच कृत्रिम रंग मान्य आहेत आणि त्यांच्या प्रमाणालाही कायद्याने मर्यादा आहे. फॉन्डंट मात्र पांढऱ्या साखरेचा गोळा असल्याने गडद लाल वा काळा रंग येण्यासाठी त्यात रंग ओतावाच लागतो. मर्यादा ओलांडली जाते ती येथे.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे चकाकणारी पूड. केकवर सोनेरी-चंदेरी झळाळी आणण्यासाठी बाजारात जी भुकटी मिळते, तिच्या डबीवर कधी ‘खाद्य’ लिहिलेले असते, तर कधी ‘विषारी नाही’ एवढेच. या दोन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ साली एका वाढदिवसाचा केक खाल्लेली सहा मुले आजारी पडली. तपासात केकवरील गुलाबी-सोनेरी भुकटीत प्रामुख्याने तांबे असल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी मिसुरी राज्यात एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि माग पुन्हा केकवरील पिवळ्या भुकटीपर्यंत पोहोचला. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये ही दोन्ही प्रकरणे प्रसिद्ध केली. डबीवर घटकांची यादी नसेल तर ती भुकटी खाण्याची नव्हे, शोभेची समजावी आणि शोभेसाठीही मुलाच्या ताटाजवळ आणू नये.

काळविटाने या बाबतीत आईची सुटका केली आहे. त्याला भडक रंग लागतच नाही! पाठीसाठी कोको मळलेला गडद तपकिरी गोळा, पोटासाठी आणि डोळ्यांभोवतीच्या वलयासाठी रंगाविना पांढरा, आणि पायाखालच्या हिरवळीसाठी सालीशिवाय वाटलेल्या पिस्त्यांची भरड पूड. पिवळे फूल हवे असल्यास चिमूटभर हळद पुरते. साखरेच्या गोडीत तिचा वास जाणवत नाही. बाटलीतला एकही थेंब न वापरता गिंडीचे जंगल उभे राहते.

राहिली शिंगे. काळविटाचे शिंग हे सरळ टोक नसून मळसूत्रासारखा पीळ असतो, आणि चार वर्षांच्या परीक्षकाच्या नजरेतून तो सुटत नाही. सी.एम.सी. जरा जास्त घातलेल्या गोळ्याच्या दोन बारीक वळ्या एकमेकींभोवती वळून, टोकाशी निमुळत्या करून, स्टीलच्या वाटीच्या बाहेरच्या गोलाईवर वाळत ठेवायच्या. कोरड्या हवेत हे काम एका दिवसाचे. गिंडीच्या नोव्हेंबरात तीन दिवसांनीही शिंग वाकते. येथे पुन्हा घरचीच युक्ती कामास येते. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकण्याची आपली रीत आहे. तोच तांदूळ कोरडा भाजून, थंड करून, पुरचुंडीत बांधून शिंगांच्या डब्यात ठेवला की डब्यातील दमटपणा तो शोषून घेतो. वातानुकूलन यंत्र हवेतील पाणी काढून टाकते, त्यामुळे रात्री ज्या खोलीत ते चालते तेथे डबा उघडा ठेवावा. पायांना आतून आधार लागतो, त्यासाठी टूथपिक खुपसणे सोपे असले तरी मुलांच्या केकमध्ये ती नकोच. न शिजवलेली जाड शेवई किंवा स्पॅगेटीची काडी तेच काम करते आणि चुकून चावली गेली तरी इजा होत नाही. शिंगे दोनऐवजी सहा करावीत. दोन मोडतात, एक वाकते, एक मूल स्वतः खाते. हिशेब बरोबर जुळतो.

आणि सहाही गेली तर? काळविटाच्या मादीस शिंगे नसतात, रंगही फिकट असतो. वाढदिवसाच्या आदल्या रात्री अकरा वाजता हे ज्ञान आईस फारच मोलाचे वाटते.

वेळापत्रक उलट्या क्रमाने आखावे. आठवडाभर आधी शिंगे, चार दिवस आधी प्राण्याचे धड, दोन दिवस आधी केक, आदल्या संध्याकाळी लेप आणि कवच, तेही पंख्याखाली, कॉर्नफ्लोअर भुरभुरून, तीन ते चार मिलिमीटर जाडीचे लाटून. सजवलेला केक टेबलावर ठेवताना त्याच्या स्टँडखाली पाण्याने भरलेली परात ठेवण्यास विसरू नये. चेन्नईच्या मुंग्यांना निमंत्रणाची वाट पाहण्याची सवय नाही.

खर्चाचा हिशेब मांडला तर घरचा केक फार स्वस्त पडतोच असे नाही. चॉकलेट आणि पिस्ते आपली किंमत वसूल करतात, आणि आईच्या सात संध्याकाळींचे मोल कोणत्याच वहीत चढत नाही. या कलेवर हात बसलेल्या अनेक गृहिणींनी पुढे मागणीनुसार केक करून देण्यास सुरुवात केली आहे. विक्री करावयाची तर घरगुती स्वयंपाकघरालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते, आणि ओव्हन-मिक्सरसारख्या साधनांसाठी २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते.

साखरेविषयी एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेचा हिशेब केल्यास चार वर्षांच्या मुलाच्या दिवसभराच्या आहारात वरून घातलेल्या साखरेला जेमतेम तीस ग्रॅमची जागा असते. फॉन्डंटच्या कवचाचा एक जाडसर तुकडाच ती भरून काढतो. म्हणून कवच पातळ असावे आणि वाढताना ते सोलून बाजूला ठेवले तर यजमानांनी रागावू नये. बहुतेक मुले ते स्वतःच सोलतात. वर्षाआतील बाळ पाहुण्यांत असेल तर त्याला केक देऊच नये, आणि कृतीत मध असेल तर मुळीच नाही, कारण मधातील जंतुबीजांपासून तान्ह्या बाळांना गंभीर आजार संभवतो.

वाढदिवसाच्या संध्याकाळी आधी औक्षण होते. निरांजन ओवाळले जाते, ते विझवले जात नाही. केकवरील मेणबत्त्या मात्र फुंकायच्या असतात. २०१७ साली अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठातील संशोधकांनी मोजून पाहिले, तेव्हा मेणबत्त्या फुंकल्याने वरच्या थरावरील जंतू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. तेव्हा मेणबत्ती वेगळ्या वाटीत लावलेली बरी. मुलाला फुंकर मारल्याशी कारण, ती कोठे लावली याच्याशी नाही.

सुरी फिरते, टाळ्या वाजतात. पण काळविटाला हात लावू देण्यास मुलगा तयार नसतो. ते उचलून फडताळावर, पाण्याच्या वाटीत ठेवलेल्या पालथ्या पेल्यावर उभे केले जाते. नोव्हेंबरची हवा तेथेही पोहोचतेच. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ चकाकू लागते, तिसऱ्या दिवशी मान किंचित खाली येते. चौथ्या दिवशी सकाळी मुलगा आईस हाक मारून दाखवतो, की काळवीट आता गवत खायला बसले आहे.